विमुक्त केलंत, आता निर्दोष म्हणा

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं मी सेटलमेंटमधल्या मुलांना शिकवलं. सोलापूरबाहेरच्या सदस्यांसाठी सांगते, सेटलमेंट हे आमच्याकडे वस्तीचं नाव आहे. रिक्षात बसून नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. हे नाव कुठून आलं, हे मात्र आता पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. ते मला एका आजीनं सांगितलं, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

१९८७ चा जून होता. पहिलीचे प्रवेश चालू होते. एक कैकाडी आजी नातवाला घेऊन आली. पोरगं चुणचुणीत, डोक्याला तेल चोपडलेलं, नवी पाटी छातीशी धरलेली. मी फॉर्म भरला आणि पालकाच्या सहीच्या जागी बोट ठेवून शाईची पॅड पुढे सरकवली. आजीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“बाई, अंगठा सोडून काय बी मागा.”

मला वाटलं, सावकारानं कधीतरी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला असेल. मी समजावू लागले, की हा शाळेचा कागद आहे, यात भिण्यासारखं काही नाही. तिनं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, “धाच्या धा बोटं दिल्यात मी. सोळा वर्साची व्हते. तारंच्या आत. शाई निघाली, पर नाव न्हाय निघालं. पोराचा कागुद माझ्या अंगठ्यानं नगं.”

शेवटी पालकाच्या रकान्यात मीच सही केली. नियमात बसत नव्हतं, पण केली. त्या दिवसापासून तिची ‘तार’ म्हणजे काय ते मी शोधत राहिले. मिळेल ते वाचलं, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसले. जे समजलं त्यातून एक मागणी तयार झाली आहे : इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या या माणसांना निर्दोष म्हणा. ती फक्त तुमचं सभागृह पुरी करू शकतं, म्हणून हे पत्र.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या सुधारणेनं तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकदा नव्यानं बांधून काढला गेला. कायद्यामागचा विचार असा, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसे चोराच्या पोटी चोर जन्माला येत असणार. सरकारनं राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव छापलं की त्या जमातीतली माणसं गुन्हेगार. त्यांची नावं रजिस्टरमध्ये चढवायची, दहा बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची. गाव सोडायचं तर पास. पास नसताना सापडला तर तुरुंग, आणि मूळ कायद्यात फटकेसुद्धा. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना बरोबर की चूक, हे तपासायचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला ठेवला नव्हता. हे वाक्य मी कायद्यात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. खुनाच्या आरोपीलाही अपील असतं. या माणसांना ते नव्हतं, कारण त्यांच्यावर आरोपच नव्हता. आरोप नाही, म्हणून खटला नाही. खटला नाही, म्हणून निकाल नाही. शिक्षा तेवढी होती.

आणि ती साधी नव्हती. ठरावीक गुन्ह्यांत आधी एकदा शिक्षा झालेली असेल आणि दुसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला, तर किमान ७ वर्षं. तिसऱ्यांदा झाला तर जन्मठेप. शेजारच्या घरातल्या माणसानं तोच गुन्हा केला तर त्याला हा हिशेब लागू नाही, कारण त्याची जात रजिस्टरमध्ये नाही. एक कलम असंही होतं, की नोंदलेला माणूस अशा जागी, अशा परिस्थितीत सापडला की तो चोरीच्या बेतात असावा असं न्यायालयाला वाटलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद. चोरी झालीच पाहिजे असं नाही. ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ अशी बातमी आजही छापून येते. खाली नावं पाहावीत तर पुन्हा पुन्हा त्याच चार-दोन जमातींची. अशी बातमी दिसली की मला ते जुनं कलम आठवतं.

सगळ्यांत जास्त झोंबलं ते मुलांचं कलम. ६ वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारकडे होता. सहा वर्षं म्हणजे माझ्या पहिलीच्या वर्गातलं वय. त्या वयाची पोरं जूनमध्ये आईचा पदर सुटला तरी आठवडाभर रडतात, हे मी दर वर्षी पाहिलं आहे.

या जमाती होत्या तरी कोण? रामोशी गावाची राखण करत. पुरंदरासारख्या किल्ल्यांची चौकी त्यांच्याकडे होती. कंपनी सरकारनं वतनं आणि हक्क काढून घेतले तेव्हा उमाजी नाईक उठले. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिली आणि पुढे त्यांची सगळी जमातच संशयित ठरली. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहून नेत. आगगाडी आली, मिठावर सरकारचा ताबा बसला, तांडे बसले. पारधी रानात शिकार करत. जंगल कायद्यानं रान सरकारचं झालं आणि फासे लावणं गुन्हा ठरलं. कैकाडी टोपल्या-कणग्या विणत गावोगाव फिरत. एका जागी न राहणाऱ्या माणसाचा पत्ता लिहिता येत नाही, सारा बसवता येत नाही, आणि अशा माणसाचा त्या सरकारला फार राग होता. पोट भरायची जुनी वाट बंद केली, मग उपाशी माणूस काय करतो ते पाहत बसले आणि त्यालाच ‘स्वभाव’ म्हणाले.

यातल्या काहींनी चोऱ्या केल्या हे मी नाकारत नाही. वस्तीतले म्हातारेही नाकारत नाहीत. पण चोरीसाठी १८६० चा दंडविधान होताच. ज्यानं चोरी केली त्याला त्याखाली शिक्षा करता येत होती आणि केलीही जात होती. हा दुसरा कायदा ज्यांनी चोरी केली नव्हती त्यांच्यासाठी होता. त्या आजीसाठी होता.

मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती, उभ्या राहिल्या. आजीची ‘तार’ ती हीच. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. तारेच्या आतली माणसं गिरणीत जाऊ लागली. भोंगा झाला की कामावर, सुटल्यावर परत आत, आणि हजेरी. आजी सांगायची, तान्ही लेकरं काखेला मारून बाया हजेरीला उभ्या राहत, आपलं नाव येईपर्यंत पोराला पाजायचीही सोय नसे. तिचा नवरा तार गेल्यावरही कैक वर्षं रात्री दचकून उठायचा आणि दारात जाऊन उभा राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘नाव पुकारलं न्हवं?’

आता माझ्या शहराची दुसरी आठवण. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या, जमावानं मंगळवार पेठेतली चौकी जाळली आणि दोन पोलीस मारले गेले. १२ मे ते ३० जून शहरात मार्शल लॉ होता. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होत होती. त्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फासावर चढवलं. सोलापूरनं तो न्याय कधीही मान्य केला नाही. चौकात चौघांचे पुतळे आहेत, दर १२ जानेवारीला हार घातले जातात. मी स्वतः मुलांच्या रांगा घेऊन तिथे गेले आहे, आणि त्या रांगांत सेटलमेंटची मुलंही असत. इंग्रजांच्या न्यायालयानं दोषी ठरवलेल्या चौघांना या शहरानं आपल्या तोंडानं निर्दोष म्हटलं. त्याच शहराच्या एका टोकाला, त्याच सरकारनं, कोणत्याही न्यायालयात न नेता हजारो माणसं तारेच्या आत ठेवली होती. रांगेतल्या त्या मुलांच्या आज्यांना तसं कुणी म्हटलेलं नाही.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली गेला. देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. नेहरूंनी स्वतः तार कापली असं आमच्या वस्तीत सांगतात आणि सांगताना प्रत्येकाचा चेहरा उजळतो. त्या दिवसाचं मोल मी कमी करत नाही. पण ‘विमुक्त’ या शब्दाकडे नीट पाहा. विमुक्त म्हणजे सोडलेला. शिक्षा भोगून झालेल्यालाही सोडतात, जामिनावरही सोडतात, दया दाखवूनही सोडतात. आपल्या न्यायालयांकडे यासाठी वेगळा शब्द आहे : निर्दोष मुक्तता. तो शब्द या माणसांसाठी कधी वापरलाच गेला नाही. कायदा रद्द झाला, रजिस्टरमधली नावं खोटी होती असं मात्र कोणत्याही सभागृहानं म्हटलं नाही. या कायद्याचा विचार करायला अय्यंगार समिती झाली. पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालचा आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालचा असे दोन राष्ट्रीय आयोग झाले. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचे. वसतिगृहं, घरं, आरक्षण, महामंडळ यांवर भरपूर लिहिलं गेलं आणि ते सगळं हवंच आहे. आजीला मात्र घर मागायचं नव्हतं. तिला नाव ‘निघायला’ हवं होतं.

शब्दानं काय फरक पडतो, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. कॅनडात १८६४ साली त्सिल्कोटिन या आदिवासी राष्ट्राच्या सरदारांना बोलणीसाठी बोलावलं, पकडलं आणि पाच जणांना फाशी दिली. सहाव्याला पुढच्या वर्षी दिली. त्यांच्या वंशजांनी दीडशे वर्षं एकच गोष्ट लावून धरली, की आमची माणसं गुन्हेगार नव्हती असं म्हणा. २६ मार्च २०१८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून ते म्हटलं. खुद्द ब्रिटननं २००६ मध्ये कायदा करून पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. तोवर त्यांची मुलंही म्हातारी झाली होती, पण काहींची मुलं ती बातमी ऐकायला जिवंत होती. सेटलमेंटमध्ये जन्मलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. थोडी उरली आहेत.

हे पाप इंग्रजांचं, आपण का बोलायचं, असंही कुणी म्हणेल. मुंबई प्रांतात १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तार जागेवर होती. देशाच्या काही भागांत ती १९५२ पर्यंत होती. आणि १९५९ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या विधिमंडळानं, म्हणजे तुमच्याच पूर्वसूरींनी, सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कुठल्याही जमातीचं नाव नाही, हे खरं. पण जमातीचं रजिस्टर बंद करून ‘सराईत’चं रजिस्टर उघडलं, तर पोलीस ठाण्यातला हवालदार त्यात पहिलं नाव कुणाचं लिहिणार? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच नोंदवलं आहे, की ‘सराईत गुन्हेगार’ या वर्गवारीचा वापर विमुक्त जमातींना लक्ष्य करायला झाला. कारागृहांच्या नियमावल्यांतून जात काढून टाका, असा आदेश त्याच निकालात आहे. पश्चिम बंगालच्या नियमावलीत, पळून जायची ज्यांना उपजतच ओढ असते, उदाहरणार्थ भटक्या जमाती, अशांना पहारेकरी कैदी नेमू नये, असा नियम होता. उपजत, असं २०२४ पर्यंत छापलेलं होतं.

आपल्या राज्यातली एक गोष्ट तर तुम्हाला माहीत असायलाच हवी. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर अत्याचार झाला, पाच जणांचे खून झाले. त्या कुटुंबाचं दुःख कशानंही भरून येणारं नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा सहाही जणांना दिली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. न्यायालयानं स्वतः लिहिलं, की हे भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला ५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. १८७१ चा कायदा रद्द होऊन तेव्हा ६६ वर्षं झाली होती. तरीही खून झाला की पाय आधी कुठल्या पालाकडे वळतात, ते बदललेलं नाही.

म्हणून माझी मागणी. दोन्ही सभागृहांनी एक ठराव करावा. त्यात स्पष्ट लिहावं, की गुन्हेगार जमाती कायद्याखाली आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत ज्यांची नावं नोंदली गेली, ज्यांना केवळ जन्मामुळे तारेच्या आत ठेवलं, हजेरीला उभं केलं, ज्यांची मुलं त्यांच्यापासून तोडली, ते सर्व निर्दोष होते. ‘खेद’, ‘दुर्दैवी’, ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द पुढेमागे हवे तर घाला, पण ‘निर्दोष’ हा शब्द गाळू नका. ठराव करताना प्रेक्षक कक्षात सेटलमेंटमध्ये जन्मलेली माणसं बसलेली असावीत. त्यांना आणायची व्यवस्था सरकारनं करावी. ती वयानं थकलेली आहेत, एसटीनं मुंबईला येणं त्यांना झेपणार नाही.

त्या काळची जी रजिस्टरं आणि ठशांचे कागद अभिलेखागारांत उरले असतील, ते त्या कुटुंबांना पाहायला आणि त्यांची प्रत घ्यायला खुले करावेत. आणि १९५९ च्या कायद्याखाली या राज्यात आजवर किती जणांची नोंद झाली, त्यांत विमुक्त जमातींचे किती, हे सभागृहाच्या पटलावर ठेवावं. १ जुलै २०२४ ला दंडविधान बदलला तेव्हा गुलामगिरीच्या खुणा पुसल्या असं आपण सगळ्यांनी ऐकलं. मग ही खूणही तपासा. चॅप्टर केस म्हणजे पोलिसांची प्रतिबंधक कारवाई, तडीपारी, पहाटेचं कोंबिंग म्हणजे वस्तीची झडती, यांत एकाच वस्तीचं नाव किती वेळा येतं ते मोजा.

आजी १९९४ साली वारली. तिचा नातू शिकला, आयटीआय झाला, आता चाळिशी ओलांडलेला बाप आहे. मध्यंतरी त्याच्या मुलीला कंपनीत नोकरी लागली, तेव्हा चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायला दोघं माझ्याकडे आले होते. पत्त्याच्या ओळीत वस्तीचं नाव लिहू की जवळच्या पेठेचं, असं ती मुलगी विचारत होती. बाप गप्प होता. मी ‘सेटलमेंट’ लिही म्हणाले आणि ते म्हणताना माझा आवाज ठाम नव्हता, कारण तिचं नुकसान झालं तर भरून द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

ठराव झाला तर त्याची सही-शिक्क्याची एक प्रत मला पाठवावी. पत्ता सोबत जोडला आहे. ती मी त्या घरी नेऊन देईन.

आपली नम्र,
सोलापूरची एक निवृत्त शिक्षिका
३१ ऑगस्ट, विमुक्त दिन